करवंदीच्या जाळीतला दीड तास

कोण कुणाला काय म्हणालं आणि किती वेळा म्हणालं, हे रूपा ओव्हाळच्या डोक्यात आपोआप जमा होत जाई. त्यासाठी तिला वही लागत नसे. या हंगामात तेजश्री मॅडम जनाला ‘वा!’ म्हणाल्या ते सतरा वेळा. रूपाला चार वेळा, आणि त्या चारातलं एक तिने केलेल्या चहाला होतं.

दहिवलीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर तापाच्या प्रकल्पाची प्रयोगशाळा होती. डॉक्टर तेजश्री पुण्याहून आलेल्या. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याला भात पिकायच्या सुमारास जो ताप फिरतो, त्यातला किती उंदरांमुळे येतो ते शोधणं त्यांचं काम. उंदराच्या कानात रव्याच्या कणापेक्षा बारीक, नारिंगी किडे असतात. तसलेच किडे गवतात दबा धरून बसतात आणि माणूस तिथे टेकला की त्याला चावतात. चावा दुखत नाही, खाजतही नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो आणि बऱ्याचदा चावल्या जागी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती वेळेत दिसली तर माणूस साध्या गोळ्यांनी उठतो. नाही दिसली तर कधीकधी उठतच नाही.

रूपा तिथली सहा वर्षांची जुनी तंत्रज्ञ. दुपार कलली की पत्र्याचे पिंजरे लावायचे, सकाळी उचलायचे, सापडलेल्या उंदरांना भूल देऊन त्यांचे कान विंचरायचे, रक्त घ्यायचं, आणि वाडीवाडीत जाऊन तापकऱ्यांचे फॉर्म भरायचे. फॉर्म भरण्यात तिचा हात कुणी धरत नसे. माणूस संकोचला, काही लपवतोय असं दिसलं, की ती पेन खाली ठेवून म्हणायची, “काका, लाजू नका. तुम्ही चुकीची जागा सांगितलीत तर उद्या दुसरा कोणी त्याच जागेवर बसेल.” एवढं सगळं करून आळीत तिचं नाव काय? उंदीरवाली. नळावर बायका विचारायच्या, “काय गं रूपा, आज किती गावले?” जणू ती बाजारातून मासळी घेऊन आली होती.

म्हणून श्रावणात मॅडम जे बोलल्या ते रूपाने मनात घडी घालून ठेवलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, “रूपाताई, या वर्षी आपला संशोधनाचा पेपर छापायला जाणार. आम्हा डॉक्टरांची नावं असतीलच, पण फील्डमधूनही एक नाव घालायचं ठरलंय. हंगाम संपला की बघू.”

एक नाव. रूपाच्या लेखी ते ठरल्यात जमा होतं. छापून आलं की ते पान ती चौकटीत बसवणार होती आणि नळावर जाणाऱ्या प्रत्येकीला चहाला बोलावणार होती.

मध्ये आली जना.

जनाला आणलं होतं रूपानेच, हे तर फारच झोंबणारं. खालापूरच्या बाजूला डोंगराच्या कुशीत पायरमाळ नावाची कातकरी वाडी आहे, तिथली ही चाळिशीची, काटकुळी बाई. दोन वर्षांपूर्वी पिंजऱ्यांची ओझी वाहायला कुणी हवं होतं, तेव्हा रूपानेच मॅडमना म्हटलं होतं, “घेऊन टाका हिला, गरीब आहे, उलटून बोलायची नाही.” यंदा भाद्रपदात एकदा रूपाला लेकीच्या शाळेत जावं लागलं. मॅडम जनाला म्हणाल्या, “आजची ओळ तू लाव.” पन्नास पिंजरे. सकाळी त्यातल्या सतरांत उंदीर.

रूपाच्या पन्नासात चार यायचे. फार झालं तर सहा.

मॅडमनी मग पायरमाळची ओळ जनालाच देऊन टाकली. चौदा, सोळा, एकोणीस. रोज सकाळी जीप बंगल्यासमोर थांबली की ड्रायव्हर विकास खिडकीतूनच ओरडायचा, “रूपाताई, जनाबाईच्या पोरी आल्या बघा, एकोणीस! तुमच्या मात्र लाजाळू हो.”

“तू गाडी चालव रं. पोरी मोजायला ठेवलेलं नाय तुला.”

“मोजतो कुठे? वजनानं कळतं.”

घरी नवऱ्यापाशी बोलावं तर तिथेही सोय नव्हती. मिलिंद रसायनीच्या एका कारखान्यात होता. शिफ्ट संपवून तिथल्या मोहोपाड्याहून मोटरसायकल मारत यायचा आणि जेवता जेवता सगळं ऐकून घ्यायचा.

“ती बोंबलाची डोकी लावते पिंजऱ्यात,” रूपा म्हणाली. “मी भजी लावते. नियमात भजी लिहिलीत.”

“मग तू पण बोंबील लाव.”

“नियमात नाहीत!”

“अगं, मग चार उंदरांवर समाधान मान. नियमातले उंदीर तेवढेच असतील.” वर हसून म्हणाला, “बाईला नवऱ्यापायी सवत असते. उंदरापायी सवत असलेली तूच पहिली.”

त्या रात्री रूपाच्या मनात एक शंका आली, आणि ती इतकी सोयीची होती की रूपाने तिला लगेच पाट मांडून दिला. जनाची माणसं पिढ्यान् पिढ्या शेतातले उंदीर बिळं खणून काढतात. जना तेच करत असणार. कुठून तरी उंदीर उकरायचे आणि पिंजऱ्यात भरायचे. मग कुठला उंदीर कुठे सापडला ही नोंदच खोटी. हे संशोधन कसलं, ही तर चोरी! आणि चोरी पकडणं हे जुन्या तंत्रज्ञाचं कर्तव्यच आहे.

दुसऱ्या दिवसापासून तिने आपली ओळ लवकर उरकली आणि स्कूटर घेऊन पायरमाळ गाठलं. जनाच्या ओळीच्या वरच्या अंगाला करवंदीची मोठी जाळी होती. मोळ्या घेऊन डोंगर उतरणाऱ्या बाया त्या जाळीशी ओझं टेकून घटकाभर बसत, म्हणून आतपर्यंत वाट पडलेली. रूपा आत शिरून बसली. गमबूट तिने घातले नव्हते, ते चिखलात फचफच वाजतात. आणि दुसऱ्यांना दहा-दहा वेळा बजावून लावायला लावायची ते किड्यांचं मलमही तिने लावलं नव्हतं. त्याला लिंबासारखा उग्र वास असतो, आणि जनाचं नाक म्हणजे काय सांगावं.

सलवार गुडघ्यापर्यंत खोचून ती त्या दिवशी दीड तास बसली. दुसऱ्या दिवशी दीड तास. तिसऱ्या दिवशीही तेवढाच.

तिने पाहिलं ते असं. जना पिंजरा हातात घेऊन दहा पावलं मोजायची आणि थांबायची. मग खाली वाकून बांधाला गाल लावायची, अगदी पोराच्या तापलेल्या अंगाला लावावा तसा. कुरतडलेली भाताची काडी उचलून तिचं टोक बघायची, ओलं की सुकं. लेंड्या बोटाने चुरायची. मग पिंजरा कधी हातभर अलीकडे, कधी हातभर पलीकडे, तोंड वाटेच्या दिशेला करून ठेवायची. वर भाताचा पेंढा असा टाकायची की तो पडलाच असावा. एवढंच. बीळ नाही, खणणं नाही, काही नाही.

नियमात हातभराची मोकळीक होतीच. रूपाने सहा वर्षांत ती एकदाही घेतली नव्हती. तिची ओळ म्हणजे दोरी लावून ओढलेली रेघ. आणि एक सवय होती. पिंजरे परत आले की नियमाप्रमाणे तीही धुवायची, पण वर आपल्या मनाने भरपूर फिनेल ओतायची, स्वच्छतेला कमी नको म्हणून. जाळीत बसल्या बसल्या तिला पहिल्यांदाच वाटलं, की फिनेलच्या वासात भजी खायला कोण येईल?

तिसऱ्या दिवशी एकदा जनाने मान वर करून थेट जाळीकडे पाहिलं. रूपाने श्वास धरला. जनाने लगेच पाठ फिरवली आणि भराभर पुढे निघून गेली. आपण छान लपलो होतो, असं रूपाने स्वतःला सांगितलं.

चोरी सापडली असती तर बरं झालं असतं. आता जळायला काही कारणच उरलं नव्हतं, आणि कारण नसताना जळणं फार दमवतं.

त्यानंतर दहाव्या दिवशी ताप आला. डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून गोळ्या दिल्या. डेंग्यूची तपासणी झाली, काही निघालं नाही. चौथ्या दिवशीही ताप एकशे तीन. मिलिंदने सुट्टी टाकली आणि थट्टा बंद केली, त्यावरून रूपाला कळलं की प्रकरण बरं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी जना आली. एस्टी आणि टेंपो करत, हातात पळसाच्या पानांत बांधलेले मुठे, ओढ्यातले खेकडे, घेऊन.

“ताई, रस्सा करून प्या. ताप पळतोय.” मग तिने पलंगावर बसून रूपाचे पाय दाबायला घेतले. रूपाला नको होतं, पण नको म्हणायला ताकद नव्हती. जनाचा हात डाव्या गुडघ्याच्या मागे गेला आणि थांबला.

“ताई, तुमी आमाला फोटू दावता ना, काळ्या खपलीचा?”

“हं.”

“ती ही हाय का?”

मिलिंदने मोबाइलवर फोटो काढून रूपाच्या डोळ्यांसमोर धरला. काळी, गोल, कडेला लाल. सहा वर्षांत रूपाने अकरा माणसांच्या अंगावर ती शोधली होती. काखेत, कमरेला, एका म्हातारीच्या तर कानामागे. स्वतःच्या गुडघ्यामागे बघायचं सुचलं नव्हतं. तापातही तिच्या डोक्याने हिशेब केलाच. रूपा अकरा, जना एक. पण ती एक कुणाची!

मॅडमना फोन गेला. त्या विकासबरोबर जीपनेच आल्या आणि रूपाला मोठ्या दवाखान्यात हलवलं. योग्य गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला. आठवड्याने रूपा घरी येऊन उशीला टेकून बसली तेव्हा मॅडम फॉर्म घेऊन आल्या. पायरमाळहून परतताना जनालाही त्यांनी सोबत आणलं होतं. ती दारापाशी भिंतीला टेकून बसली.

“कंटाळवाणं आहे, पण करावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. तर ताप यायच्या आधीच्या चौदा दिवसांत गवतात, झुडपात कुठे बसला होतात?”

रूपाला नीट कळत होतं. ‘माझ्याच ओळीवर’ एवढं म्हटलं की झालं. तिच्या ओळीवर आजवर एकही रुग्ण निघाला नव्हता. एकदम ती ओळ महत्त्वाची ठरली असती, आणि जाळीतलं बसणं कायमचं झाकलं गेलं असतं. दोन्ही फायदे एका वाक्यात. तिने वाक्य जुळवलंसुद्धा.

“आमच्या नेहमीच्या...” ती म्हणाली आणि अडली. त्या जाळीतली वाट तिच्या डोळ्यांसमोर आली. पायांनी गुळगुळीत झालेली. रोज दहा-बारा बाया तिथे मोळी टेकतात. मांडीवर पोरं असतात.

“पायरमाळला,” ती म्हणाली. “जनाच्या ओळीवर. वरच्या अंगाला करवंदीची जाळी आहे, तिच्यात. तीन दिवस.”

मॅडमनी चष्मा वर केला. “तिथे? तुमची ओळ तर अलीकडे आहे. तिथे कशाला गेला होतात?”

तेवढ्यात दारापाशी जनाच म्हणाली, “मॅडम, काय इचारता वो? बाईमाणूस जाळीत कशाला बसंल? मी बघितलं व्हतं ताईंना. म्हणलं, मोकळ्याला बसल्यात, आपण कशाला बघा. पाठ केली आन् गेले बिगीबिगी.”

आतल्या खोलीत मिलिंदला ठसका लागला.

“अच्छा,” मॅडम लाजल्या. “तीनही दिवस?”

“पोट बिघाडलं आसंल. व्हतं तसं.”

“बरं बरं. म्हणजे कालावधी...” मॅडमनी पटकन लिहिलं आणि वाचलं, “पाच मिनिटं.”

रूपा सुटली होती. अब्रू गेली ती पोटाच्या खात्यावर, तिथे सगळ्यांचीच कधी ना कधी जाते. पण फॉर्मवर पाच हा आकडा पडला होता आणि तो तिला खरजेसारखा खाजायला लागला. पाच मिनिटं बसून झालेला रोग वेगळा आणि तीन दिवस दीड-दीड तास बसून झालेला वेगळा. उद्या मॅडम वाडीत जाऊन सांगतील, पाच मिनिटंसुद्धा टेकू नका, आणि बाया मोळ्या डोक्यावर घेऊनच घाटी उतरतील. शिवाय आकडा चुकीचा होता. नुसता चुकीचा.

“खोडा ते,” ती म्हणाली. “दीड तास लिहा. रोज.”

“दीड तास?”

“मलम लावलं नव्हतं, तेही लिहा. बूटही नव्हते. वास आला असता हिला, आवाज गेला असता. मी हिच्यावर नजर ठेवून होते. उंदीर खणून पिंजऱ्यात भरते, असं मला वाटलं होतं. चोरी पकडायला बसले होते.”

मॅडमचं पेन थांबलं. आतला ठसकाही थांबला. जना हसत होती ती हळूहळू थांबली.

“चोरी?” ती म्हणाली. “उंदराची? कुनाचे व्हते वो ते?”

जना उठली, पदर खोचला. “मी एस्टीनं जाते,” म्हणाली आणि गेली.

पुढच्या पंधरवड्यात पायरमाळच्या जाळीभोवती पिंजरे लागले, आणि किडे तिथेच निघाले, उंदरांच्या कानांत खच्चून. वाडीतल्या बायांना बसायला उघड्या कातळावरची जागा दाखवली गेली. मग मॅडमचा फोन आला. आवाज फार गोड होता, तेव्हाच रूपाला कळलं.

“रूपाताई, फील्डमधून नाव जनाचं घालतेय. आकडे तिचेच आहेत, तुम्हाला माहीत आहे. तुमचे आभार शेवटी मानलेत, बरं का.”

“हो हो, बरोबरच आहे मॅडम,” रूपा इतक्या पटकन म्हणाली की ते कुणालाही खोटं वाटलं असतं. आभारात विकासचंही नाव होतं. ते तिने विचारून घेतलं. पेपरात तिची अजून एक जागा होती: रुग्ण क्रमांक पंधरा, स्त्री, वय एकेचाळीस.

“आणि एक काम करा. तिचं पूर्ण नाव आणि संमतीच्या कागदावर अंगठा घेऊन या. तुमच्याकडे दोन वर्षांच्या नोंदी असतील ना?”

नोंदी होत्या. सगळ्या रूपाच्याच हातच्या. प्रत्येकीत लिहिलं होतं: जना, वाडीवरची.

पायरमाळला जना अंगणात भात झोडत होती. तिने कागद बघितला आणि मान हलवली.

“नको, ताई.”

“अगं, चांगला कागद आहे. छापून येणार. जगात वाचतील.”

“नाव कागदावर गेलं की काय व्हतं, ठावं हाय मला. माझ्या भावाचं गेलं व्हतं. कुनाच्या फार्महौसवरचा पंप गेला आन् वाडीतली चार नावं लिवली. पंप गावला मालकाच्याच पावण्याकडं. नाव काय कुनी पुसलं नाय.” तिने पेंढी आपटली. “आन् तुमीबी चोरच म्हणला.”

रूपाने खिशातून मोबाइल काढला. रेंज होती, चांगल्या दोन दांड्या. ‘मॅडम, जना नको म्हणते’ एवढंच सांगायचं होतं. ते खोटंही नव्हतं. मग फील्डमधून दुसरं कुठलं नाव उरत होतं? तिने नंबर काढला. अंगठा बटणाजवळ धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग मोबाइल खिशात टाकून ओट्यावर बसली.

“जना, मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “म्हणजे, त्या दिवशी अर्धंच बोलले. पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं की तू काही चोरत नाहीस. पुढचे दोन दिवस मी शिकायला बसले होते. तुझ्यासारखा पिंजरा मला लावता येत नाही गं. आणि ते मला सहन होत नाही. अजून होत नाही.”

जनाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आणखी दोन पेंढ्या झोडल्या.

“मग हाक मारायची,” म्हणाली. “जाळीत काय बसायचं?”

“हो.”

“वाचा काय लिवलंय ते. माझ्या नावाफुडं काय हाय?”

रूपाने वाचलं. आवाज एका ठिकाणी जरा दबला, तिने तो पुन्हा उचलला. “क्षेत्र संशोधक.”

“म्हंजी?”

“म्हणजे... शोधणारी. रानात जाऊन शोधून काढणारी.”

“हाय खरं तसं,” जना म्हणाली आणि ओट्यावर येऊन बसली. “लिवा.”

“जना... नवऱ्याचं नाव?”

“त्याला काय उंदीर कळतोय? मरंस्तवर कोंबडीसुदिक धरता येत नव्हती त्याला. पारू लिवा. आई माझी. बांधाला गाल लावायला तिनंच शिकवलं.”

“असं चालत नाही बहुतेक,” रूपा म्हणाली. मग म्हणाली, “चालेल. मी सांगते मॅडमना.”

आणि आडनाव विचारून तिने लिहिलं: जना पारू हिलम. अक्षर मुद्दाम बरं काढायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण सहा वर्षांची सवय. चांगलंच आलं.